ऑपरेशन रद्द झालं ते एका धमनीमुळे

माझ्या मानेतली, मेंदूला रक्त पोचवणारी उजवी धमनी तिच्या नेहमीच्या जागी नाही. ती घशाच्या मागच्या भिंतीला खेटून, जवळजवळ मध्यापर्यंत सरकलेली आहे. हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही घोरण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना. तोपर्यंत कळायचं काही कारणच नव्हतं. अशी धमनी असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही. धोका असतो तो तिथे कुणी हत्यार लावलं तर.

टॉन्सिल, घोरणं, घशातली गाठ यांसाठी आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी टेबलावर जातच असतं. त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी हे वाचण्यात यावं म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितो आहे.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. घोरणं तर लग्नापासूनचंच, पण गेल्या काही वर्षांत त्याचं रूप बदललं. घोरता घोरता एकदम शांत व्हायचं आणि मग दचकून श्वास घ्यायचा. मला याचा पत्ता नसे. बायको जागी असायची. एक दिवस सकाळी चहा देताना ती म्हणाली, "अहो, तुमचा श्वास मधेच बंद पडतो. मी हात लावून बघते, छाती हलत नाही." त्यानंतर मात्र मुलानं ऐकलं नाही. झोपेची तपासणी झाली. रात्रभर अंगाला तारा लावून, नाकाशी नळी ठेवून, बोटाला चिमटा लावून झोपायचं. अहवालात तासाला ३४ वेळा श्वास अडत असल्याचं आलं. तीसच्या वर गेलं की ते तीव्र समजतात.

त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे झोपताना मास्क लावायचं मशीन, सीपॅप. मला ते नको होतं. रोज रात्री तोंडावर मास्क, आवाज, प्रवासात ओझं. ऑपरेशननं एकदाचा निकाल लागावा असं वाटत होतं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी टाळूचा मागचा भाग आणि पडजीभ थोडी कमी करायची, टॉन्सिल काढायचे, असं सुचवलं. तपासताना त्यांना घशाच्या मागच्या भिंतीवर उजवीकडे एक उंचवटा दिसला. "इथे थोडं मांस वाढलंय. भूल दिलेलीच असेल, तेव्हा त्याचाही तुकडा काढून तपासायला पाठवू," असं ते म्हणाले. कागदावर 'बायोप्सी' लिहिलं गेलं. मेडिक्लेमची मंजुरी आली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, ईसीजी झाला.

बायोप्सी हा शब्द घरात आला की घराचं काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. आमचे फॅमिली डॉक्टर बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांना कागद दाखवायला गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "रक्तदाब आहे, वय आहे. चाकू लागण्याआधी आणखी एकाला घसा दाखवा. चार दिवसांनी काही बिघडत नाही." त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही पंडित कॉलनीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो.

इथे जे घडलं ते नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून होतं.

कपाळावर दिवा लावून डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसले. "काका, आ करून आवाज काढायचा नाही. जिभेवर दाबेन, तुम्ही फक्त तोंडानं सावकाश श्वास घ्या." स्टीलच्या पट्टीनं त्यांनी जीभ खाली धरली. आधीच्या तपासणीत मी आ म्हटलं होतं आणि क्षणात पट्टी बाहेर आली होती. इथे पट्टी तशीच राहिली. मला वाटलं, आता उमासा येईल. तेवढ्यात त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला आणि नाडीवर थांबला. एकीकडे नाडी, दुसरीकडे नजर घशात. पट्टी काढली, मला आवंढा गिळू दिला, पुन्हा लावली. मग हिला म्हणाले, "काकू, जरा इकडे या."

ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. नंतर तिनं मला वर्णन केलं. मागची गुलाबी त्वचा, तिच्यावर बारीक लाल रेषा, आणि उजवीकडे करंगळीएवढा जाड, उभा फुगवटा. तो स्थिर नव्हता. वर येत होता, बसत होता, पुन्हा वर येत होता. ही म्हणाली, "हलतंय ते."

"नाडीबरोबर हलतंय," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी तिथे बोट लावलं नाही, काही टोचलं नाही. नाकात सुन्न करणारं औषध मारून बारीक लवचिक दुर्बीण घातली आणि पडद्यावर मलाही दाखवलं. स्वतःच्या घशात, नाडीच्या ठोक्याला ठोका देत काहीतरी उचलतं आहे, हे पाहताना पाठीत कळ गेल्यासारखं झालं.

"गाठ नाही का मग?"

"मला ती रक्तवाहिनी वाटते, इंटर्नल कॅरोटिड. तिची खरी जागा इथे नाही, बाजूला आणि मागे असते. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करू, मग नक्की सांगतो. तोवर या घशाला कुणीही हात लावायचा नाही."

मी विचारलं, तुकडा घेतला असता तर? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये रक्त येतं ते सहसा लहान फांद्यांमधून. दाबून धरता येतं, जाळून बंद करता येतं, टाका घालता येतो. ही नळी साधारण ५ मिलिमीटर व्यासाची, थेट हृदयाच्या दाबाखाली. तिला भोक पडलं तर काही क्षणांत घसा रक्तानं भरतो, ते श्वासनळीत उतरतं आणि सर्जनला समोरचं दिसेनासं होतं. बांधून टाकावी तर मेंदूच्या त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटून लकवा मारू शकतो. गाठ समजून किंवा गळू समजून अशा धमनीत सुई किंवा सुरी गेल्यानं माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हे ऐकताना हिनं माझा दंड धरून ठेवला होता.

सीटी अँजिओ म्हणजे काय याची धास्ती असते, म्हणून थोडं सांगतो. आधी रक्तात क्रिएटिनिन बघतात, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, कारण फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिला जाणारा आयोडीनचा डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. पूर्वी कधी डायची ॲलर्जी झाली होती का, दमा आहे का, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हे विचारतात. काही तास उपाशी राहायला सांगतात. हाताच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, बसवतात आणि ती एका पंपाला जोडतात. मशीन रुंद कड्यासारखं असतं, बोगद्यासारखं लांब नाही, त्यामुळे कोंडल्यासारखं होत नाही. काचेपलीकडून आवाज आला, "काका, आता थुंकी गिळायची नाही, हलायचं नाही." डाय आत गेला आणि घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट उतरली. लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. प्रत्यक्ष फोटो घ्यायला काही सेकंद लागतात. नंतर भरपूर पाणी प्यायचं.

अहवाल हातात आला तो सगळा इंग्रजीत. तो मला उलगडून सांगितला माझ्या भाचीनं. ती एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करते. तिच्या पदवीवर आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचा शिक्का असणार, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक आहे. ती जेवायला आली आणि ताट बाजूला सारून टेबलावरच फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"मामा, हे बघ. छातीतून एक मोठी धमनी मानेत वर येते. हनुवटीखाली हे कंठाचं हाड लागतं ना, साधारण त्याच्या वरच्या कडेशी तिच्या दोन फांद्या होतात. बाहेरची चेहरा, जीभ, टाळू, डोक्यावरची कातडी यांना रक्त देते, तिला आठ फांद्या असतात. आतली मानेत एकही फांदी देत नाही, सरळ कवटीत शिरते आणि मेंदूला जाते. तुझी ही आतली. डावी बघ, थोडी वाकडी आहे पण जागेवर आहे. उजवी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर आत वळलीय, घशाच्या मागे येऊन पुन्हा बाहेर गेलीय."

अहवालात लिहिलं होतं की घशाच्या पृष्ठभागापासून धमनीपर्यंत अंतर ३ मिलिमीटर आहे. मोठ्या माणसात टॉन्सिलच्या खाचेपासून ही धमनी साधारण २.५ सेंटिमीटर मागे आणि बाहेरच्या बाजूला असते. सर्जनचा हात त्या अंतराच्या भरवशावर चालतो. माझ्याकडे ते अंतर नव्हतंच.

असं का होतं, हा प्रश्न मी भाचीलाही विचारला आणि नंतर डॉक्टरांनाही. दोघांनी दोन कारणं सांगितली. एक जन्माचं. गर्भात धमन्यांच्या कमानी असतात, त्यातल्या तिसरीपासून आणि तिच्या वर पाठीच्या बाजूनं जाणाऱ्या महाधमनीपासून ही धमनी तयार होते. सुरुवातीला ती वळलेली असते. पुढे हृदय मानेकडून छातीत उतरतं आणि ती ताणली जाऊन सरळ होते. कुणाकुणात ती पूर्ण सरळ होत नाही. दुसरं कारण वयाचं. रक्तदाबानं आणि वयोमानानं धमनीच्या भिंतीतला लवचिक भाग झिजतो आणि ती लांबते. वर कवटीत ती पक्की अडकलेली, खाली छातीत पक्की. लांबलेली नळी जाणार कुठे? माझ्या धाकट्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. सकाळी ठिबकची नळी ओळीत सरळ असते, दुपारच्या उन्हात ती लांबते आणि दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे मधे नागमोडी होते. डॉक्टरांना हे उदाहरण दिलं तेव्हा ते म्हणाले, अगदी तसंच. माझ्यात कोणतं कारण हे आता ठरवता येणार नाही, कदाचित दोन्ही. पण रक्तदाबाची गोळी तेव्हापासून एक दिवसही चुकलेली नाही.

भाचीनं त्या दिवशी आणखी बरंच सांगितलं आणि मला ते फार मोलाचं वाटलं. मानेत वाट बदलणारी ही एकटीच धमनी नाही. उजव्या हाताला रक्त देणारी धमनी काही जणांत भलत्या ठिकाणाहून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. कधी त्यानं घास अडकतो, बहुतेकदा काहीच होत नाही. पण अशा माणसात स्वरयंत्राची उजवी नस खालून वळसा घेऊन येण्याऐवजी मानेत सरळ आडवी येते, आणि थायरॉइडचं ऑपरेशन करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ती कापली जाऊन आवाज बसू शकतो. काहींच्या थायरॉइडला खालून मधोमध एक जादा धमनी येते. काहींमध्ये छातीतली दुसरीच एक मोठी धमनी मानेत इतकी वर आलेली असते की गळ्याला भोक पाडून नळी बसवताना तीच समोर येते. "पुस्तकात एक चित्र असतं मामा," ती म्हणाली, "पण शवविच्छेदनाच्या टेबलावर दोन माणसं अगदी सारखी कधी निघाली नाहीत."

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, तुम्ही नाडी का धरली होती? त्यांनी सांगितलं की टाळूचा दोष आणि नाकातून बोलणं असलेली लहान मुलं त्यांच्याकडे येतात. त्यातल्या काहींच्या बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. अशा मुलांत हृदयाचे दोष असतात, आणि कॅरोटिड आत सरकलेली असण्याचं प्रमाणही जास्त असतं. त्यांचं बोलणं सुधारण्यासाठी घशाच्या नेमक्या त्याच मागच्या भिंतीवर ऑपरेशन करावं लागतं. म्हणून आधी धमन्यांचा फोटो काढतात. त्या मुलांमुळे प्रत्येक घसा थांबून बघायची सवय लागली, असं ते म्हणाले. तोंड उघडं ठेवायची पकड बसवल्यावरही पुन्हा एकदा बघायचं, कारण मान मागे टाकली की आतली रचना सरकते.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला आवर्जून सांगितली. ठोका दिसला नाही म्हणजे धमनी नाही, असं धरून चालायचं नाही. कधी ती जरा खोल असते आणि फुगवटा नुसताच दिसतो. घशाच्या मागच्या भिंतीवर गुळगुळीत, वरची त्वचा शाबूत असलेला फुगवटा असेल तर आधी फोटो, मगच सुई. शिवाय अशी धमनी कायम एकाच जागी राहते असंही नाही. एकाच रुग्णाच्या दोन वेळच्या सीटीत ती वेगळ्या जागी दिसल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे पुढे कधी घशाचं काही करायची वेळ आली तर जुन्या फिल्मवर विसंबायचं नाही, नवा फोटो काढायचा.

पहिल्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण दोन दिवसांनी त्या डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. फिल्म बघायला मागितली, मी मुलाबरोबर पाठवली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. त्यांच्या दवाखान्यात बाहेर चाळीसएक माणसं बसलेली होती. पण माझं ठाम मत असं झालं आहे की घसा बघायला अर्धा मिनिट जास्त लागतो आणि तो अर्धा मिनिट रुग्णानं मागून घ्यायला हरकत नाही.

ऑपरेशन रद्द झालं. धमनी सरळ करायचं ऑपरेशन असतं, पण ते मेंदूचा रक्तपुरवठा अडत असेल, लकव्याचे झटके येत असतील किंवा गिळणं फारच अवघड झालं असेल तरच. मला यातलं काही नव्हतं. घोरण्यासाठी सीपॅप घेतलं. पहिले काही दिवस मास्क रात्री काढून फेकायचो. नाकावरची छोटी उशी असलेला मास्क मिळाला आणि बसलं गणित. आता ही म्हणते, खोलीत तुम्ही आहात की नाही ते उठून बघावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. पोटाचं ऑपरेशन, घशाचा काय संबंध, असं मुलाला वाटलं. संबंध होता. पूर्ण भूल म्हणजे तोंडातून श्वासनळीत नळी घालणं आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना भेटायला गेलो तेव्हा फाइल उघडून पहिलं पान तेच ठेवलं. त्यांनी रक्तदाबाचा कागद बाजूला केला आणि सीटीचा अहवाल आधी वाचला.

"काका, हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. कुणी सांगत नाही."

त्यांनी तिथेच समजावलं की नळी घालताना कॅमेरा असलेला लॅरिंगोस्कोप, म्हणजे जीभ उचलून घसा दाखवणारं पात्याचं साधन, वापरू, म्हणजे पातं आणि नळी कुठून जाते ते पडद्यावर दिसत राहील. थुंकी ओढायची नळी सरळ आत ढकलणार नाही, डोळ्यासमोर ठेवू. पोटातली हवा काढायला नाकातून नळी घालतात, ती अंदाजानं घातली जाते आणि नेमकी मागच्या भिंतीवर घासत उतरते. ती शक्यतो टाळू, लागलीच तर बघत बघत घालू. घशात गॉजची पट्टी कोंबायची नाही. आणि झोपेत श्वास अडतो म्हणून सीपॅप मशीन बरोबर आणायचं, शुद्धीवर येताना लागेल. हे सगळं त्यांनी भूलपूर्व तपासणीच्या कागदावर लाल पेननं लिहिलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घसा एक दिवस खवखवला, एवढंच. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर फक्त पित्ताशयाचं लिहिलं होतं. मी तिथल्या तरुण डॉक्टरांना विनंती केली की वरती ही ओळ घाला. त्यांनी घातली: उजवी इंटर्नल कॅरोटिड धमनी घशाच्या मागच्या भिंतीलगत, तोंडातून कोणतीही सुई, बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया करण्याआधी सीटी अँजिओ पाहणे.

तीच ओळ मराठीत आणि इंग्रजीत एका कार्डावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवली आहे. सीटीची सीडी मुलानं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, कारण सीडी चालणारं यंत्र आता बऱ्याच दवाखान्यांत नसतं. अहवालाचा फोटो माझ्या, हिच्या आणि मुलाच्या फोनमध्ये आहे. रात्री-अपरात्री बेशुद्ध अवस्थेत कुठे नेलं तरी बरोबरच्या माणसाला दाखवता यावा म्हणून. हिनं तर शेजारच्या वहिनींनाही सांगून ठेवलंय.